माफी

फहाहीलला उतरल्यावर पहिला शिकलो तो हा शब्द.
पानी माफी. लिफ्ट माफी.
मुदीर माफी, तआल बुकरा.
म्हणजे नाही. नाहीये. उद्या या.
देवरूखच्या शाळेत हाच शब्द
हजेरीत माझ्या नावापुढे लाल शाईत असायचा,
तेव्हा त्याचा अर्थ, फी भरायची नाही.

नऊ वर्षं ओटीत हत्यारं हातात देतोय.
शरीर उघडलं की
पुस्तकातला नकाशा भिंतीवरच राहतो.
एका टॅक्सीवाल्याचं अपेंडिक्स यकृतामागे दडलेलं,
घरमालकाला चुकवावं तसं.
एका बाईच्या प्लीहेला लागून आणखी एक प्लीहा,
सुपारीएवढी, न मागता वाढलेली.
आणि तो कराचीचा गवंडी,
दोन्ही मूत्रपिंडं खाली एकमेकांना जोडलेली, घोड्याच्या नालासारखी.
त्रेचाळीस वर्षं त्याला पत्ता नव्हता.
डॉक्टर हनान अशा वेळी मास्कमधून हसते.
आजार नाही, म्हणते. चूकही नाही.
लिहून ठेव, आणि शिव.

मोतालेबला आणलं ते ऑगस्टात, रात्री दोनला.
उन्हामुळे दुपारचं काम बंद, म्हणून रात्रपाळी,
आणि दिव्याखाली ग्राइंडर सटकला.
उजव्या हाताच्या तर्जनीची कंडरा
इंचभर गेलीच होती. सांधायला तुकडा हवा.

तुकडा मनगटातून घेतात.
तिथे एक बारीक कंडरा असते, जास्तीची म्हणावी अशी,
बिनकामाच्या दोरीसारखी,
काढली तरी मूठ तशीच वळते.
काहींना ती नसतेच.
तपासायला हवं होतं; पण हात सुजून भाकरीसारखा.

हात बधिर, माणूस जागा.
पडद्यापलीकडे तो छताकडे बघत पुटपुटत होता.
हनानने छेद दिला. खाली
एक पांढरी दोरी दिसली.
मी चिमटा पुढे केला.
तिने घेतला नाही.
ती नस होती. बोटांना ऊन-गार कळवणारी,
कंडरेच्या जागी वर येऊन पडलेली,
घाईतल्या माणसाला कंडराच वाटेल अशी.
मॉनिटर वाजत राहिला.
मग ती हळूच म्हणाली, माफी.

मला क्षणभर वाटलं, ती त्याची क्षमा मागतेय.

डावा हात बाहेर काढला.
अंगठा करंगळीला लाव. आता मनगट वाक.
त्वचेखाली ताठ उभी राहिली ती,
तंबोऱ्याची तार जशी.
या हातात होती. माणूस तोच, आई तीच.
डाव्यातली काढून उजव्यात घातली,
पहाटेची अजान झाली तरी टाके चालूच होते.

"भाई, कागदावर लिहू नका,"
मोतालेब वॉर्डात म्हणाला.
"एक हात आधीच अधुरा होता असं लिहिलं
तर कंपनी म्हणेल, माल आलाच तुटका."
मी म्हटलं, अरे, कित्येकांना नसते.
त्यावाचून काही अडत नाही.
तो पट्टीतली बोटं बघत राहिला.
कागदावर मी लिहिलं होतंच,
डॉक्टरने सांगितलं तसं, एका ओळीत.

शुक्रवारी घरी फोन लावला.
स्वरांगी अकरावीला आहे, सायन्स.
तिला ही गंमत सांगितली. तिने लगेच करून पाहिली,
मनगट पडद्याला चिकटवून, एक, मग दुसरं.
आईला हाक मारली. आईची दोन्हीकडे आहे,
पिठाच्या हातावरही दिसली.
"माझी एकाही हाताला नाही. बाबा, तुमची?"

खोलीत सहा खाटा. मी खिडकीशी गेलो,
रिफायनरीच्या ज्वाळेच्या उजेडात
अंगठा करंगळीला लावला, वाकवलं.
सपाट. दुसरा हात. सपाट.
नऊ वर्षं दुसऱ्यांची मनगटं बघताना
हे कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे ही तुमच्याकडून आली," ती खूश झाली.
आली म्हणाली ती,
जी नाही तिला.
तिच्या दहा वाढदिवसांपैकी
दोनांना मी होतो.

मी म्हटलं, माफी.
तिने तो शब्द मराठीत ऐकला.
"बाबा, त्यावाचून काय अडतंय,"
म्हणाली,
आणि पेन उचलून दाखवलं.